मुकादमाचा खोकला

बोका येणार असेल तर त्याच्याआधी हवा साफ करणारं मशीन घरात येईल, ही सुनेची अट होती. माईंना ती अट जाचक वाटली नाही. सुनेला लहानपणापासून दमा होता, औषधाचा पंप उशाशी ठेवूनच ती झोपायची. मांजराच्या केसांनी तिची छाती भरते हे लग्नाआधीपासून सगळ्यांना माहीत होतं. तरीसुद्धा "बोक्याला कुणाला तरी देऊन या" असं ती म्हणाली नाही. यातच सगळं आलं, असं माई सामान बांधता बांधता शेजारणीला म्हणाल्या होत्या.

नवरा गेल्यावर कारखान्याची क्वार्टर सोडावी लागली आणि माई मुलाकडे राहायला आल्या. बरोबर दोन ट्रंका, शिलाई मशीन आणि झाकणाच्या टोपलीत मुकादम. मुकादम हे बोक्याचं नाव कारखान्यातल्या लोकांनी ठेवलेलं. पिण्याचं पाणी बाटल्यांत भरायचा तो कारखाना. मागच्या अंगणात रिकाम्या क्रेटच्या थप्पीमागे तो जन्मला, आणि चालायला लागल्यापासून शेपूट ताठ करून बाटल्यांच्या सरकत्या पट्ट्याच्या कडेने फेऱ्या मारायचा. कुणी जरा टेकलं की समोर येऊन उभा राहायचा. "आले बघा साहेब," म्हणत लोक उठायचे. माईंच्या नवऱ्याने त्याला एका पावसाळ्यात क्रेटमध्ये घालून घरी आणलं, तेव्हापासून तो त्यांचा. आता नवरा नव्हता, कारखाना नव्हता. मुकादम होता, म्हातारा, एका कानाला चीर गेलेला.

माईंना शेवटची, रस्त्याकडची खोली मिळाली. समोर पुलाचं काम चालू होतं. खिडकी जरा किलकिली केली तरी गादीवर सिमेंटचा थर बसायचा.

"आई, दार लावलेलं, खिडकी लावलेली आणि मशीन चालू," सुनेने उंबऱ्याबाहेर उभं राहून सांगितलं. "एवढं सांभाळलंत की माझी काही तक्रार नाही."

"तुला केस दिसणार नाही एक."

"दिसण्याचं नाही हो. न दिसणाऱ्याचंच दुखणं आहे माझं."

मशीन मुलाने आणलं होतं. बुटांच्या खोक्याएवढं, पांढरं, पुढे तीन बटणं आणि एक निळा दिवा. "याला जाळी नाही, दर दोन महिन्यांनी बदलायची कटकट नाही," तो कौतुकाने म्हणाला. "आतल्या आत वीज खेळते आणि हवेतली घाण मरते. ताजी हवा, बघ." त्याने बटण दाबलं. किंचित सुरसुर झाली, आणि थोड्या वेळाने माईंनी मान वर केली.

तो वास त्या ओळखत होत्या. वीज कडाडून गेल्यावर येतो तसा, धारदार, थोडा धातूसारखा. कारखान्यात बाटल्या भरण्याआधी पाण्यात ओझोन सोडत. त्याने पाण्यातले जंतू मरत आणि मग तो आपोआप उडून जाई. माईंचं काम भरणाऱ्या पट्ट्याच्या तोंडाशी होतं. पहिली बाटली नाकाशी धरायची आणि वास आला तर मान हलवायची, की पट्टा सुरू. वास नसला की लाल कळ दाबून सगळं थांबवायचं. मीटर होतंच, पण मीटर चुके आणि माईंचं नाक चुकत नसे. "मीटर दुरुस्तीला गेलं तर चालेल, माईंना सर्दी होऊन चालणार नाही," असं नवरा डबा खाताना सगळ्यांसमोर म्हणायचा, आणि सगळे हसायचे. आयुष्यभर तो वास आला की काम चोख, पाणी स्वच्छ, दिवस सुरळीत.

"चांगलं आहे मशीन," त्या मुलाला म्हणाल्या. "काम करतंय."

"तुला कसं कळलं?"

"मला नाही कळणार तर कुणाला?"

त्या रात्री त्यांना नव्या घरात शांत झोप लागली. दुसऱ्या दिवशी त्यांनी आणखी एक शहाणपण केलं. मुकादमाची गादी उचलून त्यांनी मशीनच्या अगदी तोंडाशी ठेवली. केस सगळ्या खोलीत पसरण्यापेक्षा जिथे सुटतात तिथेच त्यांचा बंदोबस्त व्हावा, असा त्यांचा हिशेब. मुकादमालाही मशीनची ऊब आवडली. तो पंजे दुमडून त्याच्यासमोर बसायचा, जणू एखाद्या नव्या कामगारावर नजर ठेवून आहे.

खोकला सुरू झाला तेव्हा माईंनी तो मनावर घेतला नाही. मांजरं अंग चाटतात, पोटात केसांचा गोळा होतो, तो ओकून टाकतात, हे त्यांनी अनेकदा पाहिलं होतं. मुकादम जमिनीशी दबून बसला, मान पुढे ताणली आणि कोरडं, घरघरत खोकला. शेवटी काहीतरी गिळलं आणि ओठ चाटले. गोळा मात्र पडला नाही. पुढच्या खेपेलाही पडला नाही. त्याने तो परत गिळला असेल, असं माईंनी स्वतःला सांगितलं.

मग एकदा त्या पाणी प्यायला स्वयंपाकघराकडे निघाल्या आणि पॅसेजमध्येच थबकल्या. सून तिच्या बहिणीशी फोनवर बोलत होती.

"आत्ता ठीक आहे गं. पण म्हातारं जनावर आहे. त्याचं आजारपण सुरू झालं की काय करायचं, याचाच मला घोर लागलाय."

माई पाणी न पिताच परत फिरल्या. खोलीत येऊन त्यांनी दार लावून घेतलं आणि गादीवरच्या त्या करड्या गाठोड्याकडे बघत उभ्या राहिल्या. सुनेचा घोर म्हणजे काय, हे त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. बोका आजारी आहे हे कळायचा अवकाश, त्याची रवानगी होणार. कुठल्या तरी पिंजऱ्यांच्या रांगेत, अनोळखी कुत्र्यांच्या भुंकण्यात तो शेवटचे दिवस काढणार. त्यांनी तोंडाला कुलूप घातलं.

तोंडाला कुलूप घालता येतं, बोक्याच्या घशाला कसं घालणार? मग माईंनी त्याच्यावर उपाय काढला. मुकादम खोकायला लागला की त्याही खोकायच्या. मोठ्याने, बाहेर ऐकू जाईल असं. सुरुवातीला त्यांचं त्यांनाच हसू आलं. या वयात सोंग आणायचं, तेही बोक्यासाठी. पण सोंग वठलं.

"आई, खोकला फार झालाय तुझा," मुलगा जेवताना म्हणाला.

"घसा कोरडा पडतो. पाणी बदललंय ना."

"पाण्याची तक्रार तू करतेस? आयुष्यभर लोकांना पाणी पाजलंस."

"म्हणून तर कळतं मला."

सून ताटावरून मान वर करून त्यांच्याकडे बघत राहिली. "छातीत घरघर वाटते का, आई? डॉक्टरांना दाखवू या."

"छे. वयाचा खोकला. आपला येतो आणि जातो."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलाने घशाचं औषध आणून दिलं. आणि आईच्या खोलीतली हवा अजून साफ व्हावी म्हणून त्याने मशीनचं तिसरं बटण दाबलं. "याला भरपूर ताजेपणा म्हणतात," तो म्हणाला. "रात्रंदिवस असंच राहू दे." सुरसुर वाढली. वास दाट झाला. माईंनी त्याला नको म्हटलं नाही. साफ हवेला नको कसं म्हणायचं?

पुढे पुढे सोंग आणावं लागेनासं झालं. माईंना खरंच खोकला यायचा. उठल्यावर घसा खरवडल्यासारखा व्हायचा, कपाळ ठणकायचं, डोळे चुरचुरायचे. त्या धुळीला दोष द्यायच्या, पुलाला द्यायच्या, जागा बदलल्याला द्यायच्या. वास तर त्यांना आताशा जाणवतच नव्हता. दिवसभर एकाच वासात बसल्यावर नाक तो सोडून देतं. कारखान्यात म्हणूनच त्यांना मध्ये मध्ये उघड्या अंगणात पाठवत असत, हे त्यांना आठवायला हवं होतं. नाही आठवलं.

मुकादमाने आता मासळीही अर्धी टाकायला सुरुवात केली. पूर्वी ट्रंकेवरून खिडकीच्या कट्ट्यावर एका झेपेत जायचा. आता ट्रंकेपाशी जाऊन वर बघायचा आणि परत गादीवर यायचा. झोपेतसुद्धा त्याचं पोट आत-बाहेर होताना दिसायचं. माई त्याला मांडीवर घेऊन पाठीवरून हात फिरवायच्या. "दम धर रे," म्हणायच्या. "ऋतू बदलला की बरं वाटेल." घरी कुणी नसेल तेव्हा त्याला प्राण्यांच्या डॉक्टरकडे नेऊन आणावं, असं त्यांच्या मनात यायचं. पण टोपली घेऊन त्या जिना कशा उतरणार होत्या? आणि औषधं लपवणार कुठे? आज नको, उद्या, असं चाललं होतं.

अशाच एका दुपारी सून ऑफिसातून लवकर घरी आली. माई न्हाणीघरात होत्या, अंगावर पाणी घेत. बाहेर आल्या तर त्यांच्या खोलीचं दार सताड उघडं, आणि सून आत, जमिनीवर गुडघे टेकून बसलेली. ज्या खोलीत ती आजवर पाऊल टाकत नव्हती तिथे. नाकातोंडावर ओढणी घट्ट बांधलेली. समोर मुकादम, जमिनीशी दबलेला, मान ताणलेली, तोंड उघडं. मांजर तोंड उघडून श्वास घेताना माईंनी याआधी पाहिलं नव्हतं.

"हा कधीपासून असा खोकतोय?" सुनेने मागे न बघताच विचारलं.

माईंनी ओला पदर खांद्यावर ओढला. "केसांचा गोळा अडकतो त्याला. मांजरांना होतं तसं."

"मग गोळा कुठे आहे?"

माईंची नजर जमिनीवर फिरली.

"आई, हा गोळा नाही. मी अशीच बसते. आठवा, मागच्या वर्षी तुम्ही आला होतात तेव्हा मला रात्री झालं होतं. कोपरं अशीच बाहेर काढून, मान अशीच पुढे करून. आत गेलेला श्वास बाहेर पडत नाही, म्हणून." ती उठली. तिचा स्वतःचा आवाज ओढणीआड जड झाला होता. "आणि या खोलीत हा वास कसला आहे? घशाला आग लागतेय नुसती."

"मशीनचा. त्याने जंतू मरतात."

सुनेने त्यांच्याकडे पाहिलं. एका हाताने टोपली ओढली, दुसऱ्या हाताने मुकादमाला खालून उचललं. त्याने तिला ओरखडलं नाही. त्याच्यात तेवढीही ताकद उरली नव्हती.

"तू नको धरूस, तुला त्रास होईल," माई म्हणाल्या.

"पंप आहे माझ्याकडे. याच्याकडे नाही. चला, चपला घाला."

दवाखाना जवळच होता. भाड्याच्या गाडीत सून खिडकी उघडून, तोंड बाहेर काढून बसली आणि टोपली मांडीवर घट्ट धरून ठेवली. वाटेत तिने दोनदा पंप ओढला. माई शेजारी बसून टोपलीच्या फटीतून बोट आत घालून होत्या.

प्राण्यांची डॉक्टर तरुण होती, केस वर बांधलेली, कमी बोलणारी. तिने मुकादमाला एका काचेच्या पेटीत ठेवलं, पेटीला प्राणवायूची नळी जोडली, एक इंजेक्शन दिलं. मग छातीचा फोटो काढला आणि तो दिव्यावर लावून बराच वेळ बघितला.

"दमा आहे," ती म्हणाली. "मांजरांना होतो. बहुतेक वेळा घरच्यांना तो केसांचा गोळाच वाटतो, त्यात तुमची चूक नाही. पण याच्या श्वासनळ्या आतून फारच सुजल्यात. घरात काही नवीन आलंय? अगरबत्ती, फवारा, रंग?"

"हवा साफ करायचं मशीन," सून म्हणाली.

"जाळीचं?"

"जाळी नाही त्याला," माई म्हणाल्या. "वीज खेळते आत. ओझोन निघतो." आणि मग, डॉक्टरांना बरं वाटावं म्हणून, त्यांनी पुढे जोडलं, "रात्रंदिवस चालू असतं. तिसऱ्या बटणावर. याची गादी अगदी त्याच्यापुढेच आहे."

डॉक्टरने हातातलं पेन खाली ठेवलं.

"आजी, हवा ओढून जाळीतून गाळणारं यंत्र असतं, त्याने प्राण्यांना काही होत नाही. दम्याच्या मांजराला उलट ते बरंच. पण ओझोन म्हणजे हवा साफ करणं नव्हे. जंतूंना जे जाळतं तेच फुप्फुसालाही जाळतं. माणसाच्याही आणि याच्याही. हा एवढासा जीव, त्यात बंद खोली, आणि बसायला जागा मशीनच्या तोंडाशी." ती थांबली. "एकट्या मशीनने हे झालं असं मी म्हणणार नाही. दमा त्याला आधीपासून थोडा असेल. पण त्याला जे अजिबात नको होतं तेच त्याला सारखं मिळत राहिलं."

माई काचेच्या पेटीकडे बघत होत्या. पण त्यांना दिसत होता तो कारखान्यातल्या एका दारावरचा दिवा. ज्या खोलीत ओझोन तयार व्हायचा तिच्या दारावरचा. तो लाल असला की आत पाय ठेवायचा नाही. आधी पंखा सुरू करायचा, बाहेर थांबायचं, दिवा हिरवा झाला की मग जायचं. नव्या येणाऱ्या प्रत्येक मुलीला माईंनीच तो दिवा दाखवला होता. "आत जाऊन छाती जाळून घ्यायची नाही, कळलं?" हे त्यांचेच शब्द. पाण्यातल्या वासाचं त्यांचं प्रेम आणि दारावरच्या दिव्याचा धाक, या दोन गोष्टी त्यांच्या डोक्यात आयुष्यभर वेगवेगळ्या कप्प्यांत राहिल्या होत्या. घरातल्या मशीनला दिवा होता तो निळा.

"वाचेल ना?" त्यांनी विचारलं.

"प्रयत्न करते. आठवड्याभरापूर्वी आणलं असतंत तर मी नक्की हो म्हटलं असतं."

सुनेने मान खाली घातली. आठवड्याभरापूर्वी आपण का नाही आलो, हे तिने विचारलं असतं तर माईंना बरं वाटलं असतं. ती विचारत नव्हती.

"मला कळू नये म्हणून खोकत होतात ना तुम्ही?" बाकावर बसल्यावर ती हळूच म्हणाली.

"तुझं फोनवरचं ऐकलं होतं. त्याच्या आजारपणाचा घोर लागलाय म्हणालीस."

"घोर लागला होताच. तुमचा. याला काही झालं तर तुम्ही कशा राहाल, याचा." तिने ओढणीने नाक पुसलं. "मला विचारायचं तरी. श्वास कोंडला की काय होतं हे या घरात मला सोडून कुणाला माहीत आहे?"

माईंनी शेजारच्या रिकाम्या टोपलीचं झाकण लावलं.

मुकादम संध्याकाळी गेला. शेवटी शेवटी त्याने पेटीत उठून उभं राहायचा प्रयत्न केला, शेपूट थोडी ताठ केली, आणि काचेपलीकडे उभ्या असलेल्या दोघींकडे पाहिलं. मग पुढचे पाय आधी दुमडले. डॉक्टरने पेटी उघडली, हात आत घातला, बराच वेळ आतच ठेवला आणि मान हलवली. माईंनी त्याला अंगावरच्या शालीत गुंडाळलं. नवऱ्याची शाल होती ती.

घरी आल्या तेव्हा मुलगा परतला होता. त्याला सगळं सांगितलं सुनेने. माई शालीचं गाठोडं मांडीवर घेऊन दिवाणखान्यात बसून राहिल्या.

"पण खोक्यावर लिहिलंय की," तो म्हणत होता. "लहान मुलं आणि प्राणी असलेल्या घरासाठी उत्तम. मी वाचूनच आणलं होतं." तो आत जाऊन ते रिकामं खोकं घेऊन आला आणि छापलेल्या ओळीवर बोट ठेवून उभा राहिला. कुणी त्याच्याकडे बघितलं नाही. "म्हणजे मीच..." तो म्हणाला आणि खोकं खाली ठेवलं.

"तू आणलंस," माई म्हणाल्या. "वास मला येत होता."

त्या उठल्या. गाठोडं मुलाच्या हातात दिलं. पॅसेजमधून आपल्या खोलीपाशी गेल्या. गडबडीत मशीन तसंच चालू राहिलं होतं, बंद दाराआड सुरसुर ऐकू येत होती. दार उघडलं तसा वास अंगावर आला. दुपारपासून बाहेर राहिल्याने नाक पुन्हा पहिल्यासारखं झालं होतं. धारदार, धातूसारखा, ओळखीचा. पदर तोंडावर धरून त्या आत गेल्या, वायर ओढून काढली, खिडकीच्या दोन्ही झडपा भिंतीपर्यंत ढकलल्या, पंखा लावला आणि मागच्या मागे बाहेर आल्या.

"धूळ येईल सगळी," मुलगा मागून म्हणाला.

"येऊ दे."

त्या दाराबाहेर उभ्या राहिल्या. आतला दिवा लागलेला होता. पुलाकडची धूळ त्या उजेडात पंख्याखाली फिरत होती आणि हळूहळू ट्रंकेवर, शिलाई मशीनवर, रिकाम्या गादीवर बसत होती. माईंनी भिंतीला हात टेकला.

"आई, बसा इथे बाहेर," सून म्हणाली. तिने स्वयंपाकघरातून खुर्ची आणली होती. "किती वेळ थांबायचं?"

"वास जाईपर्यंत," माई म्हणाल्या. "तोवर आत जायचं नाही."

सुनेने विचारलं नाही की आता हे सगळं कुणासाठी. तिने आणखी एक खुर्ची आणली आणि त्यांच्या शेजारी, उघड्या दाराकडे तोंड करून बसली.